ओसरीवरील कुंडी आणि कासचे पठार

ओसरीवरील कुंडीत रात्रीतून उलगडलेले नवे पान सकाळी पाहावे, हे सुख खर्चाचे नाही. जत, आटपाडी, माण या अवर्षणप्रवण तालुक्यांत झाडांना पाणी कोठून आणावे, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु तुळस, कोरफड, सदाफुली यांना भाजी धुतलेले पाणीही पुरते. किंबहुना कुंडीतील झाडे तहानेपेक्षा अतिमायेनेच अधिक दगावतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. माती बोटाने चाचपावी आणि कोरडी लागली तरच पाणी घालावे.

हा छंद जडला, की एक मोह मात्र होतो. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरील कासच्या पठारावर सप्टेंबरात फुलांचे गालिचे पाहताना एखादे रोपटे मुळासकट घरी न्यावेसे वाटते. ते तेथेच का वाढते, हे उमगले म्हणजे हात आखडतो. जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम पातळ थर, पावसाळ्यात चिंब आणि उन्हाळ्यात करपलेला. या निकस मातीत नत्र अपुरे पडते. म्हणून सीतेची आसवे आणि दवबिंदू या नाजूक वनस्पती चक्क सूक्ष्म कीटक पकडून ते मिळवितात. कुंडीतील शेणखताची सकस माती त्यांना मानवत नाही. पश्चिम घाटातील अन्य स्थळांसमवेत २०१२ मध्ये कासचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे.

शाळेची सहल तेथे नेणाऱ्या शिक्षकांनी भिंग व वही अवश्य बरोबर घ्यावी, खुरपे घरीच ठेवावे. कुंडीसाठी सदाफुलीचे बी शेजारच्या अंगणातही मिळते.