तारेतला षड्ज ओळखा पाहू!

तानपुरा कान देऊन ऐकलाय कधी? त्याची एकही तार गंधारात लावलेली नसते, तरी नीट ऐकलं की आतून 'ग' येतो! गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. षड्जाची तार थरथरते, तेव्हा तिच्या पोटात दुप्पट, तिप्पट, पाचपट वेगाची थरथरही चालू असते. हा 'ग' त्या पाचपटीतला.

आता चला मुंबईच्या लोकलकडे. डोक्यावरच्या तारेत 25,000 व्होल्टची वीज असते आणि ती सेकंदाला साधारण 50 वेळा मागेपुढे झुलते. हा तिचा षड्ज. पण गाडीतली इलेक्ट्रॉनिक बटणं ही वीज सेकंदाला शेकडो वेळा तोडतात, जोडतात. मग तारेतली गोल लाट दातेरी होते. तिच्यात 150, 250, 350 असे आगंतुक सूर घुसतात. 250 म्हणजे पन्नासाची पाचपट, विजेचा स्वयंभू गंधारच की! फक्त हा कुणालाच नको असतो.

गाडीला मात्र मूळ सूर कळायलाच हवा. ब्रेक लागला की तिच्या मोटारी उलट वीज तयार करून तारेला परत देतात. झोपाळ्याला चुकीच्या क्षणी धक्का दिला तर काय होतं? तसंच इथे. ताल चुकून चालत नाही.

मग मोजा की! लाट एका फेरीत दोनदा शून्य ओलांडते, म्हणजे सेकंदाला 100 वेळा. सोपं? छे! दातेरी लाट शून्यापाशी डगमगते आणि एकाऐवजी तीन-तीनदा ओलांडते. मोजणी फसली.

म्हणून गाडीतलं यंत्र तबलजीची युक्ती वापरतं. आधी गाळणी लावून दाते कमी करायचे. मग स्वतःची एक लाट चालवायची, तारेच्या लाटेशी ताडून पाहायची, पुढे गेली तर मागे ओढायची, मागे पडली तर पुढे ढकलायची. हातोडीने ठोकत तबला सुरात आणतात, अगदी तसं. घाई केली तर दाते फसवतात, फार सावकाश गेलं तर उशीर होतो. खरी कसरत हीच.

रुळांवर मध्येमध्ये तारेचा एक वीज नसलेला तुकडा येतो. त्याच्यापुढच्या तारेची लाट वेगळ्याच ठिकाणी झुलत असते. तेव्हा लोकलमधले दिवे-पंखे क्षणभर गेले तर ओरडू नका. आतला तबलजी पुन्हा सूर लावतोय!