'ड्रेस' म्हणजे फक्त कपडे? धानाच्या बियाण्यापासून परेडच्या मैदानापर्यंत फिरणाऱ्या एका शब्दाची गोष्ट

भंडारा-पवनी रस्त्यावरच्या अड्याळमध्ये 'ड्रेस' हा शब्द कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी ड्रेस म्हणजे गणवेश. त्याच्या ताईसाठी ड्रेस म्हणजे सलवार-कुर्ता आणि ओढणी. आजीसाठी साडी सोडून बाईमाणसाने घातलेले काहीही. तिघेही एकाच घरात राहतात, एकच शब्द वापरतात आणि गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो हा शब्द इंग्रजीतून परत येतो तेव्हा. खरीप तोंडावर आला की कृषी केंद्रातून आणलेल्या पाकिटावर 'सीड ड्रेसिंग' असे छापलेले असते. बियाण्याला कुठला ड्रेस घालायचा? पाकीट विषारी औषधाचे असते, त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

आपला ड्रेस, त्यांचा ड्रेस

आधी कपड्यांपुरते बोलू. इंग्लंड-अमेरिकेत 'अ ड्रेस' म्हटले की एकच वस्तू डोळ्यांसमोर येते: खांद्यापासून खाली एकसंध शिवलेला बायकांचा किंवा मुलींचा झगा. आपल्याकडे ज्याला फ्रॉक, गाऊन किंवा 'वन-पीस' म्हणतात, तो. सलवार-कुर्त्याला तिकडे कोणी 'ड्रेस' म्हणत नाही. 'पंजाबी ड्रेस' आणि 'ड्रेस मटेरियल' हे इथले, भारतीय इंग्रजीतले शब्द आहेत.

मोबाइलवर खरेदी करणाऱ्यांना हा फरक पैशांत मोजावा लागतो. शॉपिंग अ‍ॅपवर नुसते 'ड्रेस' शोधले की बहुतेक वेळा वन-पीस आणि गाऊन समोर येतात. सलवार-कुर्ता हवा असेल तर 'कुर्ता सेट' किंवा 'सूट सेट' शोधावे लागते. शिवून घ्यायचा असेल तर 'ड्रेस मटेरियल', आणि त्यात शिवलेले काहीच येत नाही, फक्त कापडाचे तुकडे येतात. परत पाठवण्याची कटकट टाळायची असेल तर फोटोखालचे दोन शब्द वाचलेले बरे.

शाळेतही हाच घोटाळा आहे. 'ही हॅज टू ड्रेसेस' हे वाक्य आपल्याकडे मुलगा बिनधास्त लिहितो. त्याला म्हणायचे असते, माझ्या भावाकडे दोन गणवेश आहेत. परदेशी वाचकाला मात्र वाटेल की त्याच्या भावाकडे दोन फ्रॉक आहेत. शाळेच्या कपड्यांना इंग्रजीत 'युनिफॉर्म' म्हणतात. युनि म्हणजे एक, फॉर्म म्हणजे रूप. मराठीतला 'गणवेश' याच अर्थाचा आणि जास्त नेमका आहे, पण तो सरकारी कागदावरच जास्त दिसतो. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' योजनेत कापड राज्यस्तरावरून आले, शिवणकाम महिला बचत गटांकडे गेले, अनेक ठिकाणी उशीर आणि मापाच्या तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. या सगळ्या काळात बातम्यांत 'गणवेश' होता. घराघरांत प्रश्न एवढाच होता, 'ड्रेस आला का?'

एका 'अ'ने बदलणारा अर्थ

परीक्षेच्या दृष्टीने सर्वात कामाची गोष्ट ही. 'ड्रेस'च्या आधी 'अ' लागला किंवा पुढे अनेकवचन आले, की अर्थ झगा. 'अ' नसेल तर अर्थ एकूण पोशाख, आणि तो पुरुषांनाही लागू होतो. 'नॅशनल ड्रेस' म्हणजे राष्ट्रीय पोशाख, 'फॉर्मल ड्रेस' म्हणजे औपचारिक पेहराव. 'ड्रेस कोड'मधला ड्रेस याच जातीचा. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांनी जीन्स, टी-शर्ट घालू नये असे सांगितले, तेव्हा ड्रेस कोड पुरुष शिक्षकांनाही होता आणि त्यात झग्याचा काही संबंध नव्हता.

क्रियापद म्हणून 'ड्रेस' वेगळाच वागतो. 'गेट ड्रेस्ड' म्हणजे कपडे घालून तयार हो. 'ड्रेस अप' म्हणजे नटणे किंवा सोंग घेणे. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीबैल घेऊन शिवाजी महाराज, झाशीची राणी किंवा शेतकरी बनून येणारी मुले इंग्रजीत 'ड्रेस अप' करतात.

मूळ अर्थात कपडेच नाहीत

लॅटिनमध्ये 'डिरेक्टस' म्हणजे सरळ केलेला. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये नीट लावणे, तयार करणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि ते चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आले. सुरुवातीला 'ड्रेस' करणे म्हणजे एखादी गोष्ट सरळ करणे, मांडणे, कामासाठी तयार करणे. माणूस कपडे घालून तयार होतो, म्हणून हा शब्द कपड्यांना चिकटला. बायकांचा झगा हा अर्थ तर बराच नंतर, सतराव्या शतकात आला. 'डायरेक्ट' आणि 'अ‍ॅड्रेस' ही याच घराण्यातली भावंडे. पत्रावर पत्ता लिहिणे म्हणजे त्याला सरळ दिशा दाखवणे.

हा जुना अर्थ आपण सर्वांनी ऐकलेला आहे, फक्त हिंदीतून. १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीच्या संचलनात, एनसीसीच्या सरावात एक आज्ञा येते: 'दाहिने सज!' इंग्रजीत ती 'राइट ड्रेस' आहे. ही आज्ञा मिळाल्यावर कोणी कपडे ठीक करत नाही. सगळे उजवीकडे बघतात, इंच-इंच सरकतात आणि रांग सरळ होते. हिंदी आज्ञेसाठी 'सज' हा शब्द ज्याने कोणी निवडला, त्याला दाद द्यायला हवी. मराठीतही सजणे म्हणजे नटणे आणि सज्ज होणे म्हणजे तयार होणे. इंग्रजी 'ड्रेस'मध्ये जी दोन टोके आहेत, तीच इथेही एकमेकांना जोडलेली आहेत.

'तयार करणे' एवढा एक अर्थ लक्षात ठेवला, तर पुढचे सगळे अर्थ उलगडत जातात.

बियाण्याचा 'ड्रेस'

आता पाकिटाकडे. 'सीड ड्रेसिंग' म्हणजे पेरणीआधी बियाण्यावर औषध चोळून ते तयार करणे, म्हणजेच बीजप्रक्रिया. औषधाच्या नावापुढे 'डीएस', 'डब्ल्यूएस' किंवा 'एफएस' अशी अक्षरे दिसतात. डीएस म्हणजे बियाण्याला कोरडी चोळायची भुकटी. डब्ल्यूएस म्हणजे थोड्या पाण्यात कालवून लावायची भुकटी. एफएस म्हणजे बियाण्याला लावायचे प्रवाही औषध. ही बियाण्यासाठी असतात, उभ्या पिकावर फवारण्यासाठी नसतात. मात्रा लेबलवर दिलेली असते, ती अंदाजाने घेऊ नये. पाकिटावरच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो: सर्वात घातक लाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. औषध लावलेले बियाणे उरले तर ते खाण्यात किंवा कोंबड्या-जनावरांपुढे जाता कामा नये.

धानाच्या बाबतीत या औषधाआधी आणखी एक पायरी आहे आणि तिला इंग्रजी नाव लागत नाही. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकायचे. वर तरंगलेले पोचट दाणे काढून टाकायचे, तळाला बसलेले जड दाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. त्यानंतर औषध, मग पऱ्हे.

रोवणी झाली की दुसरा 'ड्रेस' येतो. 'टॉप ड्रेसिंग' म्हणजे उभ्या पिकाला वरून दिलेले खत, मराठीत 'वरखत'. धानाला नत्र एकदम देत नाहीत. काही भाग रोवणीच्या वेळी आणि उरलेला फुटवे येताना व लोंबी धरण्याच्या सुमारास देतात. बांधीत युरिया फेकणाऱ्या शेतकऱ्याने 'टॉप ड्रेसिंग' हा शब्द कधी ऐकला नसला तरी तो वर्षानुवर्षे तेच करतो आहे. अडचण उलट दिशेने येते, त्याचा मुलगा मोबाइलवर इंग्रजी सल्ला वाचून दाखवतो तेव्हा. 'टॉप' आणि 'ड्रेस' हे दोन्ही शब्द त्याला कपड्यांच्या दुकानातून माहीत असतात.

दवाखाना, खाण आणि कोंबडी

जखमेचे ड्रेसिंग सर्वांना ठाऊक आहे. ते करणाऱ्या कर्मचाऱ्याला 'ड्रेसर' म्हणतात, सरकारी मराठीत 'व्रणोपचारक'. इंग्रजी कवी जॉन कीट्स १८१६ मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये ड्रेसर होता. आता तिकडे 'ड्रेसर' म्हटले की लोकांना आरशाचे किंवा खणांचे कपाट आठवते.

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉइलच्या मँगनीज खाणी आहेत. खनिजातला निरुपयोगी दगड-माती वेगळी काढण्याला खाणशास्त्रात 'ओअर ड्रेसिंग' म्हणतात. गवंडीकामात 'ड्रेस्ड स्टोन' म्हणजे घडीव दगड. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग व्हील 'ड्रेस' करतात, म्हणजे चोंदून गुळगुळीत झालेल्या चाकाचा वरचा थर खरवडून धार पुन्हा उघडी करतात.

गंमत 'ड्रेस्ड चिकन'ची आहे. इथे ड्रेस केलेल्या कोंबडीच्या अंगावर पीसही शिल्लक नसते. पिसे, डोके, पाय, आतडी काढून शिजवण्यासाठी तयार केलेली कोंबडी, असा त्याचा अर्थ. भाव विचारताना मात्र गंमत बाजूला ठेवावी. दर जिवंत वजनाचा आहे की ड्रेस्ड वजनाचा, हे आधी विचारावे. २ किलोची कोंबडी साफ केल्यावर साधारण दीड किलोच्या आत भरते.

समानार्थी आहेत, पण सारखे नाहीत

शब्दकोशात 'ड्रेस'पुढे क्लोद्स, गारमेंट, अपॅरल, अटायर, आउटफिट, कॉस्च्यूम अशी रांग लागते. निबंधात एकाच्या जागी दुसरा बसवला की वाक्य बिघडते.

'क्लोद्स' हा रोजचा शब्द, आणि तो नेहमी अनेकवचनी. 'क्लॉथ' हे त्याचे एकवचन नाही, ते कापड. एकच कपडा म्हणायचा असेल तर 'गारमेंट', पण तो कारखान्याच्या आणि लेबलच्या भाषेतला. 'अपॅरल' व्यापाऱ्यांचा, 'अटायर' निमंत्रणपत्रिकेतला. 'आउटफिट' म्हणजे शर्ट-पँट-बुटांसह एका वेळी घातलेला पूर्ण जोड. पण बातमीत 'मिलिटंट आउटफिट' दिसले तर तो अतिरेक्यांचा पोशाख नसतो, त्यांची संघटना असते.

'कॉस्च्यूम' हा नाटकाचा किंवा सोंगाचा पोशाख. 'कस्टम', म्हणजे चालरीत, हा त्याचा सख्खा भाऊ. 'हॅबिट'चेही तसेच: सवय हा अर्थ सर्वांना माहीत, पण ख्रिस्ती जोगिणींच्या झग्यालाही 'हॅबिट' म्हणतात. झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिरातींत कपड्यांसाठी दिसणारा 'ड्रेपरी' हा शब्द इंग्रजीत खरे तर पडद्यांच्या आणि चुण्यांच्या कापडाचा आहे. 'ड्रेस रिहर्सल'ला मात्र मराठी रंगभूमीने स्वतःचे नाव दिले, 'रंगीत तालीम', आणि ते मूळ शब्दापेक्षा देखणे आहे.

मराठीही या खेळात मागे नाही. इंग्रजी 'जंपर'चा झंपर झाला आणि अर्थ ब्लाउज. फ्रॉकचा फराक, पँटलूनची पाटलोण. विदर्भात 'बंडी' अंगातही घालतात आणि बैलांनाही जुंपतात. 'वेश' म्हणजे पोशाख, पण 'अब्रू वेशीवर टांगली' यातली वेस गावाची, कपड्याची नाही.

मोबाइलवर अर्थ शोधताना

भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये नुसता 'ड्रेस' टाकला तर त्याला संदर्भ मिळत नाही, आणि कपड्यांचा अर्थ आधी येण्याची शक्यता जास्त. पूर्ण वाक्य टाका. औषधाच्या पाकिटासोबत माहितीपत्रक येते, त्यात मराठी मजकूर आहे का ते आधी पाहा. नसेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याला फोटो पाठवून विचारा.

आणि बँकेच्या किंवा शेअर बाजाराच्या बातमीत 'विंडो ड्रेसिंग' दिसले, तर ते मार्चअखेरीस ताळेबंद चांगला दिसावा म्हणून केलेली रंगसफेदी असते. साहेबांनी कुणाला 'ड्रेसिंग डाउन' दिले असेल, तर तिथे खरडपट्टी निघालेली असते.