पाळीचं विचारतात, मनाचं कोण विचारणार?

सकाळची एसटी समुद्रपूरहून हिंगणघाटकडे निघालीय. मांडीवर नोट्स उघड्या. एकच परिच्छेद तू तिसऱ्यांदा वाचतेयस, डोक्यात काही शिरत नाही. पाळी दोन महिने आलेली नाही. हनुवटीवरचे केस झाकायला स्कार्फ आहे (नाव उन्हाचं!), तरी मागच्या सीटवरून ओळखीच्या काकू विचारतातच, ‘काहून वं, किती सुटली तू?’

घरच्यांचं निदान तयार असतं: पोरगी आळशी झाली, मोबाईलनं डोकं खाल्लं. असेलही. पण एकदा पीसीओएसची शंका घेऊन बघ.

आपण त्याला सर्रास पीसीओडी म्हणतो आणि ‘पाळीचा त्रास’ म्हणून सोडून देतो. खरं तर हार्मोन्सचं गणित बिघडतं, बऱ्याच जणींमध्ये इन्सुलिनही नीट काम करत नाही. पाळीच्या वयातल्या साधारण दहांपैकी एकीला हा त्रास असतो, आणि या मुलींमध्ये नैराश्य नि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळते. म्हणूनच 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की, अशा प्रत्येकीची नैराश्य आणि चिंतेसाठीही तपासणी व्हावी. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तू सांग.

आणि विसरणं? जानेवारी 2024 मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला. 900 हून जास्त बायकांचा 30 वर्षं मागोवा घेतला होता. पीसीओएस असलेल्यांना मध्यम वयात स्मरणशक्ती, लक्ष आणि भाषेच्या चाचण्यांत कमी गुण पडले. थांब, लगेच घाबरू नकोस! त्यात पीसीओएस असलेल्या जेमतेम 66 होत्या, आणि त्यामुळेच गुण घसरले असं काही त्यातून सिद्ध होत नाही. तुझ्या या सेमिस्टरचं खापर तर त्यावर फोडताच येणार नाही. आत्ता लक्ष खातात ती अपुरी झोप, धास्ती आणि उदासी. या तिन्हींवर उपचार आहेत.

खरी अडचण वेगळीच. ‘लग्नाआधी बायांच्या डॉक्टरकडे काय काम?’ या एका प्रश्नापायी वर्षं निघून जातात. ग्रामीण रुग्णालयात जा, नाहीतर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जिल्ह्यातच आहे. एकटीनं नको वाटलं तर मैत्रिणीला ने. पहिली पाळी येऊन 8 वर्षं झाली नसतील, तर नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएसचा शिक्का मारून घेऊ नकोस. मन फारच खचलं असेल तर 14416 वर टेलि-मानसला फोन कर. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

जायच्या आधी वहीचं एक पान घे. एका बाजूला पाळीच्या तारखा, दुसऱ्या बाजूला झोप कशी लागली, रडू कधी आलं, वाचलेलं कधी राहिलं नाही. केबिनमध्ये जीभ अडखळलीच, तर ते पान टेबलावर ठेव.