गायकवृंदाची इलेक्ट्रिक गिटार मध्येच मुकी का होते?



प्रवेशगीत सुरेल होते, आणि अर्पणगीत सुरू होताच गिटार खरखरते व एकाएकी मुकी होते. वादक तरुण ओशाळून केबल हलवतो, आवाज परततो, पुन्हा जातो. भाविकांचे लक्ष वेदीवरून उडून गायकवृंदाकडे जाते. मिस्सा संपल्यावर कोणी वादकाला बोल लावतो, तर कोणी म्हणतो, "गिटार जुनी झाली, नवी घ्या." हे दोन्ही निष्कर्ष बहुधा घाईचे असतात.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याच्या १२०व्या परिच्छेदात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले असून, उपासनेला साजेशी इतर वाद्येही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील असे म्हटले आहे. म्हणूनच आपल्याकडे पेटी, तबला आणि गिटार मंदिरात आली. पेटीचा सूर धुळीने बसला तर आपण ती टाकून देत नाही, साफ करून घेतो. गिटारचेही तसेच आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. त्यात चुंबक व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तार कंप पावली की तेथे अत्यंत क्षीण विद्युतसंकेत निर्माण होतो. तो निवडीचा स्विच, आवाजाचे बटण, जॅक व केबल या मार्गाने अॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचतो. आवाज येतो आणि जातो, याचा अर्थ पिकअप बहुधा शाबूत आहे. मार्गातील एखादा सांधा मात्र सैल, मळलेला किंवा तुटण्याच्या बेतात आहे. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, काळ्या मातीची धूळ सर्वत्र शिरते आणि मागोमाग पावसाळ्याची ओल येते. अशा हवेत धातूचे संपर्क लवकर खराब होतात.

दोष शोधताना पुढील क्रम पाळावा.

१. माइक व कीबोर्डही त्याच वेळी बंद पडतात का, ते पाहावे. तसे असल्यास दोष गिटारमध्ये नसून वीजपुरवठ्यात किंवा मिक्सरमध्ये आहे.

२. दुसरी, खात्रीची केबल लावून पाहावी. सर्वाधिक वेळा दोष केबलच्या टोकाशी, पिनेजवळ असतो. मध्ये इफेक्ट पेडल असल्यास ते वगळून गिटार थेट अॅम्प्लिफायरला जोडावी.

३. केबल चांगली असूनही पिन हलवताच आवाज जात असेल, तर गिटारचा जॅक तपासावा. त्याचा नट सैल झालेला असतो. तो बाहेरून नुसता पिळू नये. आतला जॅक सोबत फिरून तारा तुटतात. पट्टी उघडून, जॅक आतून धरून नट आवळावा. पिनेला टेकणारी पत्ती ढिली झाली असल्यास किंचित आत वाकवावी.

४. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होत असेल, तर आत धूळ आहे. इलेक्ट्रॉनिक कामासाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा फवारून बटण वीसएक वेळा पूर्ण फिरवावे. निवडीच्या स्विचलाही हाच उपाय. खाद्यतेल किंवा यंत्राचे तेल मुळीच घालू नये.

५. काही गिटारांत ९ व्होल्टची बॅटरी असते. पिन जॅकमध्ये राहिली तर ती वापराविना उतरते. सराव संपताच पिन काढावी.

एवढ्याने भागले नाही तर मल्टिमीटर घ्यावा. बॅटरी नसलेल्या गिटारला केबल लावून, आवाजाचे बटण पूर्ण उघडून, केबलच्या दुसऱ्या पिनेचे टोक व दांडा यांमधील रोध मोजावा. तो साधारण ५ ते १५ किलोओहम भरतो. जॅक किंवा तारा हलवताच आकडा उड्या मारू लागला, तर दोष तेथेच आहे. सुटलेला सांधा सोल्डर करणे हे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही कुशल कारागिराला जमते; त्यासाठी पुणे किंवा हैदराबाद गाठण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र अत्यंत गंभीरपणे सांगावीशी वाटते. गिटारच्या तारा केबलमार्गे अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. गुणगुण थांबावी म्हणून काही जण प्लगची मोठी पिन काढून टाकतात. हा जिवाशी खेळ आहे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक हातात गिटार असताना अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श होऊन रंगमंचावरच मरण पावला. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो व त्याचा उपयोग घटतो. म्हणून खड्ड्यात पाणी घालावे, जाणकार वायरमनकडून मंदिराचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा स्विच बसवावा. तारांना किंवा माइकला हात लागताच झिणझिण्या आल्या, तर वादन तत्काळ थांबवावे. अॅम्प्लिफायर स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आत विजेचा घातक साठा राहू शकतो.

ही तपासणी रविवारी मिस्सेपूर्वी घाईत न करता शनिवारच्या सरावात करावी. नाताळ व ईस्टरपूर्वी तर ती अवश्य व्हावी. एक जादा केबल मंदिरात नेहमी ठेवावी. आणि मिस्सा चालू असताना आवाज गेलाच, तर वादकाने गिटार शांतपणे खाली ठेवावी व गायकांनी गीत चालू ठेवावे. १५०व्या स्तोत्रात तंतुवाद्यांना परमेश्वराच्या स्तुतीत स्थान आहे. तसेच प्रत्येक प्राण्याच्या श्वासालाही आहे. आपल्या गायकवृंदातील तरुणांना बोल न लावता त्यांच्यासोबत बसून हा दोष शोधावा, अशी आमची सर्व धर्मग्रामांना नम्र विनंती आहे.