लोखंडी नांगर व मालपुरवठ्याची सांखळी

एखाद्या कारखान्याचा इतिहास लिहितांना लक्ष सामान्यतः दोन गोष्टींकडे जातें : संस्थापकाचें चरित्र आणि त्यानें काढलेला नवा माल. कच्चा माल कोठून आला, कोणत्या वाटेनें आला, आणि तयार वस्तु गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत कशी पोंचली, या मधल्या व्यवहाराचा विचार क्वचितच होतो. आमच्या मतें उद्योजकाच्या बुद्धीची खरी कसोटी याच सांखळींत लागते, आणि कारखान्याचा उत्कर्ष वा ऱ्हास बहुधा तेथेंच ठरतो. या विधानाच्या पुष्ट्यर्थ लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्या लोखंडी नांगराचें उदाहरण घेऊं.

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगांवीं आले. सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून पुढें ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे व त्यानंतर लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यानें पहिले नांगर बरेच दिवस पडून राहिले. हा केवळ अडाणीपणा, असें म्हणून विषय संपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. लांकडी नांगर गांवचा सुतार करी, फाळास लोहार धार लावी, आणि दोघांचाहि मोबदला सुगीच्या वेळीं बलुत्याच्या धान्यानें फिटे. म्हणजे शेतकऱ्याच्या दाराशींच पुरवठ्याची एक सांखळी पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. ती सोडून दूरच्या कारखान्यावर विसंबावें, तर ऐन नांगरटींत फाळ मोडल्यास दुसरा आणावा कोठून? पहिले फाळ टिकेनात, अशी तक्रार येतांच लक्ष्मणरावांनीं ओतकाम सुधारून अधिक कठीण फाळ तयार केला. गिऱ्हाइकाच्या शंकेंत दडलेली अडचण ओळखणें, ही उद्योजकबुद्धीची पहिली खूण होय.

दुसरी खूण जागेच्या निवडींत दिसते. बेळगांवची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनाजवळची जमीन व १०,००० रुपये कर्जाऊ दिले. १९१० सालीं तेथें वसाहतीस आरंभ झाला. जागा म्हणजे निवडुंगानें व सापांनीं भरलेला ओसाड माळ. परंतु त्याच्या जवळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा रूळ जात होता. ज्या धंद्याचें बीड व कोक दुरून यावयाचें आणि जड माल दूर जावयाचा, त्यास सुपीक जमिनीपेक्षां रुळाचें सान्निध्य अधिक मोलाचें. शिवाय कृष्णाकांठच्या काळ्या जमिनींत हरळी व कुंदा यांचीं मुळें खोल जात असल्यानें खोल नांगरटीची गरज असलेला शेतकरी शेजारींच होता.

१९१४ च्या महायुद्धानें या व्यवस्थेची परीक्षा घेतली. परदेशी नांगरांची आयात मंदावली, ही संधि. पण त्याच कारणानें लोखंड व कोळसा दुर्मिळ झाला, हें संकट. या अडचणींत कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं संस्थानांतील जुन्या निकामी तोफा दिल्या, आणि त्या वितळवून नांगर तयार झाले. इतिहाससंशोधकाच्या मनास येथें चटका बसल्यावांचून राहणार नाहीं. तोफेवर लेख, सन वा ओतणाऱ्याची खूण असल्यास तें साधन भट्टींत कायमचें नष्ट होतें. उलट पक्षीं, भट्टी थंड पडती तर नव्यानें तयार झालेले कारागीर पांगले असते. या दोन्ही हानींचें माप एकाच तराजूनें घेतां येत नाहीं. मात्र एवढें खरें कीं, असा पुरवठा एकदांच मिळतो. त्यानें वेळ निभावते, व्यवस्था होत नाहीं.

युद्धोत्तर काळांत ती व्यवस्था बसविण्याचा यत्न दिसतो. १९२० सालीं किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षीं ‘किर्लोस्कर खबर’ निघून कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत जाऊं लागली. नांगराची मागणी हंगामी. म्हणून उसाचे चरक आणि १९२६ पासून पंप यांची जोड मिळाली. ओतकाम तेंच, गिऱ्हाईक शेतकरीच, पण मागणीचा काळ निराळा. त्यामुळें भट्टी व कारागीर यांस वर्षभर काम देणें सुलभ झालें.

या यशाचें सारें श्रेय एका पुरुषाच्या साहसास देणें मात्र अनैतिहासिक होईल. दोन संस्थानांचा आश्रय, रेल्वे व युद्धजन्य परिस्थिति यांचा त्यांत मोठा वांटा आहे. उद्योजकाचें कर्तृत्व एवढेंच कीं, या विखुरलेल्या गोष्टी त्यानें एका सांखळींत ओंवल्या.

कुंडल रोड स्टेशनास आतां किर्लोस्करवाडी हेंच नांव आहे, व तेथें पंप आजहि तयार होतात. परंतु अशा कारखान्यांचा खरा इतिहास त्यांच्या खतावण्यांत, रेल्वेच्या पावत्यांत, गिऱ्हाइकांच्या तक्रारींच्या पत्रांत असतो. आणि हेंच कागद सर्वांत आधीं रद्दींत जातात. दप्तरखान्यांतील रुमाल ज्या आस्थेनें आपण सोडवून वाचतों, तीच आस्था या कागदांच्या वांट्यास यावी. तोफा वितळल्या त्यास निदान नांगराची गरज तरी होती. या वह्या नष्ट करण्यास तेवढेंहि निमित्त नाहीं.