जुन्या विमानाचा खरा रंग

नंदगड गावच्या लोकांना जवळचा विमानतळ बेळगावचा सांबरा. तो ब्रिटिश हवाई दलाने १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात उभारला. त्या काळचे ‘हरिकेन’ हे लढाऊ विमान संगणकावरच्या उड्डाणखेळात रंगवताना सांगाडा तसाच ठेवून फक्त ‘स्किन’ बदलतात. ‘फ्लाइटगिअर’ या मोफत खेळात स्किन म्हणजे उलगडलेल्या खोक्यासारखे सपाट चित्र: पंख एकीकडे, शेपूट दुसरीकडे. कडा जुळल्या नाहीत तर रंगाचा पट्टा मध्येच तुटतो.

खरी कसोटी खुणांची. ब्रह्मदेश आघाडीवर जपानी चिन्हाशी गल्लत होऊ नये म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांवरच्या वर्तुळातला लाल ठिपका काढून टाकला होता. तो रंगवला की इतिहासच चुकतो. म्हणून ब्रश उचलण्याआधी, ज्या वर्षाचे विमान रंगवायचे त्याच वर्षाचे छायाचित्र शोधावे.