जुन्या संगणकासाठी स्टार्टअप डिस्क : चालू असतानाच करून ठेवा

आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी काहींच्या दुकानात किंवा कारखान्यात विंडोज ९८ वर चालणारा जुना संगणक अजूनही कोपऱ्यात उभा आहे. तो बदलला का नाही असे विचारले तर उत्तर सरळ असते. एम्ब्रॉयडरी मशीनला डिझाइन देणारा प्रोग्रॅम, जुना कटिंग प्लॉटर चालवणारा प्रोग्रॅम, किंवा ज्यात वर्षानुवर्षांची उधारी लिहिली आहे तो हिशेबाचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालत नाही. मशीनसोबत आलेले कार्ड नव्या संगणकात बसत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ ची देखभाल जुलै २००६ मध्ये बंद केली, पण मशीनला त्याचे काय? ते चालते आहे तोवर काम होते.

अडचण येते ती नेमकी हंगामात. ईद पंधरा दिवसांवर आलेली, ऑर्डरी पडलेल्या, आणि सकाळी संगणक सुरू केला तर काळ्या पडद्यावर एक-दोन ओळी येऊन सर्व थांबते. मग दुरुस्तीवाला बोलावला जातो. तो पाच मिनिटे पाहतो आणि म्हणतो, “शेठ, फॉरमॅट मारावा लागेल.” फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी करणे. संगणक सुरू होतो खरा, पण कोणाकडून किती येणे आणि कोणाला किती देणे, हे सारे गेलेले असते. येणे बुडाले तर नुकसान आपले एकट्याचे. पण दुसऱ्याचे जे देणे आपल्या वहीत लिहिलेले असते ती त्याची अमानत असते, आणि ती हरवल्यावर आपण त्याला काय तोंड दाखवणार?

म्हणून आमचे सांगणे असे की, फॉरमॅटला होकार देण्याआधी हार्ड डिस्कमधील खाती शाबूत आहेत की नाहीत हे स्वतः पाहावे. अनेकदा बिघाड फक्त संगणक सुरू करणाऱ्या काही फाइल्समध्ये असतो आणि बाकी सर्व जागच्या जागी असते. दुकानाचे कुलूप बिघडले म्हणून आतला माल जळाला असे होत नाही. हे पाहण्याचे साधन म्हणजे स्टार्टअप डिस्क, जिला बूट डिस्क असेही म्हणतात.

संगणकाला वीज मिळाली की तो प्रथम स्वतःची तपासणी करतो आणि मग कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे ते शोधतो. नेहमी तो हार्ड डिस्कवरून, म्हणजे सी ड्राइव्हवरून सुरू होतो. पण सुरू होण्यास लागणाऱ्या मोजक्या फाइल्स एका फ्लॉपीवर असतील आणि ती ए ड्राइव्हमध्ये असेल, तर तो हार्ड डिस्कला हात न लावता त्या फ्लॉपीवरून उभा राहतो. उभा राहिला की सी ड्राइव्हमध्ये डोकावता येते.

ही डिस्क करण्यास दहा मिनिटे पुरतात, मात्र ती संगणक धडधाकट असतानाच करावी. स्टार्ट, सेटिंग्ज, कंट्रोल पॅनेल या वाटेने जाऊन ‘अ‍ॅड-रिमूव्ह प्रोग्रॅम्स’ उघडावे. तेथे ‘स्टार्टअप डिस्क’ नावाचे पान आहे. त्यावरील ‘क्रिएट डिस्क’ हे बटण दाबले की फ्लॉपी घालण्यास सांगितले जाते. फ्लॉपीवर आधीचे जे असेल ते पुसले जाते, म्हणून डिझाइनची फ्लॉपी चुकून घालू नये. मधेच विंडोजची सीडी मागितली आणि ती सापडत नसेल, तर दुसरी वाट आहे. सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरात कमांड नावाचे फोल्डर असते. त्यातील ‘बूटडिस्क’ ही बॅच फाइल चालवली तरी तीच डिस्क तयार होते.

फ्लॉपी १.४४ एमबीची हवी. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी विकणे बंद केले, म्हणून आज बाजारात मिळते ती बहुधा जुन्या साठ्यातली किंवा वापरलेली असते. घेतल्यावर ती पूर्ण फॉरमॅट करून पाहावी आणि शेवटच्या अहवालात खराब जागा दिसली तर सरळ टाकून द्यावी. अशा फ्लॉपीवर कंजुषी करण्यात अर्थ नाही. डिस्क तयार झाल्यावर कोपऱ्यातील लहान पट्टी सरकवून भोक उघडे करावे. भोक उघडे असले की तिच्यावर काही लिहिले जात नाही, आणि व्हायरसही तिच्यात शिरत नाही. फ्लॉपीच्या बूट भागात लपणारे व्हायरस त्या काळी फार पसरले. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी केलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस त्याच जातीचा. गंमत अशी की त्यात त्यांनी आपल्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता!

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक जण टाळतात. डिस्क करून कपाटात ठेवणे म्हणजे काम झाले असे नव्हे. तिच्यावरून संगणक एकदा सुरू करून पाहावा. फ्लॉपी ड्राइव्हमधील वाचणारे डोके कालांतराने जागेवरून किंचित सरकते, त्यामुळे एका संगणकावर केलेली फ्लॉपी दुसऱ्यावर वाचली जाईलच असे नाही. ज्या संगणकासाठी हवी त्याच संगणकावर ती करावी आणि तेथेच तपासावी. कारखान्यातील सुताचे तंतू आणि धूळ ड्राइव्हमध्ये जाते हेही ध्यानात असू द्यावे. ड्राइव्ह बिघडलेला असेल तर तो आजच कळणे बरे.

तपासताना फ्लॉपी आत ठेवून संगणक पुन्हा सुरू करावा. फ्लॉपीकडे न पाहता तो थेट विंडोजमध्ये गेला, तर बायोसच्या सेटिंगमध्ये ए ड्राइव्हचा क्रमांक पहिला लावून घ्यावा. विंडोज ९८ ची डिस्क तीन पर्याय विचारते, त्यांतील पहिला सीडी ड्राइव्हसह सुरू होण्याचा. तो निवडावा. थोड्या वेळाने ए कोलन असे चिन्ह येईल. तेथे ‘डीआयआर’, मग जागा सोडून सी आणि कोलन असे टाइप करून एंटर दाबावे. सी ड्राइव्हमधील फोल्डरांची यादी दिसली की डिस्क कामाची आहे.

येथे एक फसवी जागा आहे. ही डिस्क सुरू होताना मेमरीत दोन एमबीचा एक तात्पुरता ड्राइव्ह तयार करते आणि दुरुस्तीचे प्रोग्रॅम त्यात उलगडते. त्यामुळे सीडी ड्राइव्हचे अक्षर एकाने पुढे सरकते. नेहमी डी असेल तर ई होते. इथवर ठीक. पण हार्ड डिस्क मुळीच ओळखली गेली नाही, तर तो तात्पुरता ड्राइव्हच सी हे नाव घेतो. मग सी मध्ये चार-दोन अनोळखी फाइल्स दिसतात आणि माणूस समजतो की आपली सगळी खाती पुसली गेली. तसे नसते. एवढाच अर्थ की हार्ड डिस्क दिसलेली नाही. अशा वेळी जुन्या संगणकात मदरबोर्डवरील बटणासारखी बॅटरी संपून सेटिंग गेली आहे का, हे आधी पाहावे. ती बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. म्हणून संगणक ठीक असतानाच बायोसमधील हार्ड डिस्कचे आकडे, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर, कागदावर उतरवून डिस्कसोबत ठेवावेत.

प्रत्यक्ष संगणक अडला तर घाई करू नये. पडद्यावर ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असे शब्द असतील तर ए ड्राइव्हमध्ये कालची फ्लॉपी विसरली आहे का ते बघावे; पुष्कळदा एवढेच असते. तसे नसेल तर स्टार्टअप डिस्कने सुरू करून, खाती दिसत असल्यास दुसरे काहीही करण्यापूर्वी ती बाहेर काढावीत. संगणक उभा राहिल्यावर स्टार्टअप डिस्क काढून कोरी फ्लॉपी घालता येते. हिशेबाच्या जुन्या फाइल्स लहान असतात, दोन-चार फ्लॉप्यांत मावतात. मोठ्या फाइल्स असतील तर हार्ड डिस्क काढून अ‍ॅडॅप्टरने नव्या संगणकाला जोडणे सोयीचे. फ्लॉपीवर नक्कल करताना लांब नावे आखूड होतात, तेव्हा कोणती फाइल कशाची ते लिहून ठेवावे. स्कॅनडिस्कने तपासणी, किंवा ‘एसवायएस’ या आज्ञेने सुरू करणाऱ्या फाइल्स पुन्हा बसवणे, हे त्यानंतर. एफडिस्क आणि फॉरमॅट याच डिस्कवर असतात, पण खाती हातात येईपर्यंत त्यांचे नावही घेऊ नये. दुरुस्तीवाल्यालाही हे आधीच बजावून सांगावे.

डिस्क ज्या विंडोजची, संगणक त्याच विंडोजचा हवा. डॉस ६.२२ च्या जुन्या डिस्कला विंडोज ९८ मध्ये सहसा वापरलेली फॅट-३२ पद्धतीची हार्ड डिस्क दिसतच नाही. विंडोज ९५ च्या स्टार्टअप डिस्कमध्ये सीडी ड्राइव्ह चालवण्याची सोय नसते. तेथे ९८ ची डिस्क नुसते पाहण्यासाठी व नक्कल घेण्यासाठी चालेल, पण तिच्यावरून ९५ च्या संगणकावर ‘एसवायएस’ चालवू नये. विंडोज एक्सपीची गोष्ट निराळी. त्यात फ्लॉपी फॉरमॅट करताना एमएस-डॉस स्टार्टअप डिस्क करण्याचा पर्याय मिळतो, पण एक्सपीची हार्ड डिस्क बहुधा एनटीएफएस पद्धतीची असते आणि ती या डिस्कला वाचता येत नाही. एक्सपीवाल्यांनी मूळ सीडी जपावी; रिकव्हरी कन्सोल तिच्यावरून सुरू करता येतो.

डिस्क दोन कराव्यात, एक दुकानात आणि एक घरी. स्पीकर, मोटार आणि लोहचुंबक यांपासून दूर, कोरड्या डब्यात ठेवाव्यात. नव्या संगणकाला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह जोडून तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे इमेज फाइल, पेनड्राइव्हवर काढून ठेवली तर फ्लॉपी खराब झाल्यावर तीच पुन्हा बनवता येते. मात्र ती फाइल फ्लॉपीवर नुसती कॉपी करून चालत नाही, इमेज लिहिणाऱ्या प्रोग्रॅमनेच उतरवावी लागते. ज्यांचा फ्लॉपी ड्राइव्हच थकला आहे त्यांच्यासाठी ‘गोटेक’ नावाचे यंत्र मिळते. ते फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसते आणि पेनड्राइव्हवरील इमेज संगणकाला फ्लॉपी म्हणून दाखवते. एम्ब्रॉयडरी मशीनवरही ते वापरतात. फ्लॉपीच्या लेबलवर विंडोजची आवृत्ती, संगणक कोणता आणि डिस्क शेवटची कधी तपासली ती तारीख लिहावी, आणि दर हंगामाच्या आधी एकदा ती घालून पाहावी.